मीटर २३० दाखवतो, तरी जनरेटरवर राउटर का अडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सावंतवाडीजवळ लाकडी वस्तूंचा छोटा कारखाना, सिंगल फेज कनेक्शन. २.२ किलोवॉट स्पिंडलचा (बिट फिरवणाऱ्या मोटरचा) सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कोरायचं यंत्र, ८० वॉटचा सीओटू लेझर, २ एचपीचा कॉम्प्रेसर, १ एचपीचा डस्ट कलेक्टर. पावसाळ्यात लाईट तासन्‌तास जाते म्हणून ५ केव्हीएचा पोर्टेबल पेट्रोल जनरेटर घेतला. त्यावर राउटर चालू कामात थांबतो. व्हीएफडीवर (स्पिंडलचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हवर) कधी ओव्हरव्होल्टेज येतं, कधी अंडरव्होल्टेज. एकदा नक्षी चार मिलिमीटर सरकली, लेझरच्या कंट्रोलरचा एसएमपीएस (एसीचं डीसी करणारा पुरवठा) जळाला, यूपीएस सतत ओरडतो, आणि लॅपटॉपच्या कडेला हात लागला की झिणझिण्या येतात. मल्टिमीटर मात्र २३० दाखवतो. आता स्टॅबिलायझर लावू की साडेसात केव्हीएचा जनरेटर घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

यातलं काहीच आत्ता घेऊ नका. मीटरवर दिसणारं व्होल्टेज तुमच्याकडे कमी पडत नाहीये. लोड बदलतो त्या अर्ध्या-एक सेकंदात जनरेटर काय करतो आणि त्याच्या लहरीचा आकार कसा बिघडतो, हे तुमचा मीटर दाखवत नाही. मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच छोट्या जनरेटरवर एकत्र ठेवलेत तोवर जनरेटर मोठा केला तरी त्रास फक्त कमी होईल, जाणार नाही. म्हणून माझं उत्तर या दोघांना वेगळं करण्याभोवती आहे.

आधी हिशेब. ५ केव्हीए म्हणजे २३० व्होल्टला साधारण २१.७ अँपिअर. पाटीवरचा आकडा रेटेड आहे की मॅक्सिमम, ते बघा. अनेक पोर्टेबल सेटवर मोठ्या अक्षरात मॅक्सिमम लिहिलेला असतो आणि सलग चालवायचा आकडा त्यापेक्षा दहा-बारा टक्क्यांनी कमी असतो. स्पिंडल लाकडात सव्वा-दीड किलोवॉटच्या आसपास खातो, पण साध्या व्हीएफडीचा इनपुट पॉवर फॅक्टर (ओढलेल्या केव्हीएतला खऱ्या कामाचा वाटा) ०.६ ते ०.६५ असल्यामुळे जनरेटरकडून दोन केव्हीएच्या वर ओढतो. डस्ट कलेक्टर चालू स्थितीत एक-सव्वा केव्हीए. कॉम्प्रेसर अडीच केव्हीए. लेझर, त्याचा चिलर आणि एक्झॉस्ट मिळून पावणेदोन ते दोन. कॉम्प्युटर आणि कंट्रोल मिळून अर्ध्या केव्हीएच्या आत. बेरीज आठच्या आसपास जाते. म्हणजे सगळं एकदम चालणार नाही, हे आधी मान्य करू. पण राउटर, डस्ट कलेक्टर आणि कंट्रोल एवढंच धरलं तर चारच्या आत बसतं, आणि ते या जनरेटरला झेपतं.

चालू लोडपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे सुरू होतानाचा धक्का. २ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना ११-१२ अँपिअर घेते, पण उठताना त्याच्या चार-पाच पट, म्हणजे पन्नास-साठ अँपिअर. तुमचा जनरेटर २१ अँपिअरचा आहे. त्या क्षणी व्होल्टेज दीडशेपर्यंत आणि खालीही कोसळतं, इंजिन दबतं, फ्रिक्वेन्सी पडते. मी कामात धरतो तो ठोकताळा असा: एव्हीआर (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारं सर्किट) असलेल्या चांगल्या सेटवर थेट सुरू होणारी मोटर जनरेटरच्या केव्हीएच्या एक तृतीयांश एचपीपर्यंत, आणि कपॅसिटरवर चालणाऱ्या सेटवर एक चतुर्थांशापर्यंत. म्हणजे तुमच्याकडे सव्वा ते दीड एचपी. डस्ट कलेक्टर बसतो, कॉम्प्रेसर बसत नाही.

कॉम्प्रेसर बंद होताना जे होतं ते याहून वाईट. प्रेशर स्विचने मोटरचा पुरवठा तोडला की बारा अँपिअरचा लोड एका क्षणात नाहीसा होतो. इंजिनचा गव्हर्नर (वेग स्थिर ठेवणारा भाग) थ्रॉटल मिटायला वेळ घेतो, रोटरमधलं चुंबकीय क्षेत्रही लगेच उतरत नाही, आणि अर्धा-एक सेकंद व्होल्टेज २६० ते २८० पर्यंत चढतं. जळालेल्या एसएमपीएसचं मूळ बहुधा इथेच असावं. ११०/२२० चा छोटा स्विच असलेले जे एसएमपीएस या मशीनमध्ये येतात, त्यांची वरची हद्द २६४ व्होल्ट असते. आत साधारणपणे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये असतात, बऱ्याचदा प्रत्येकी २०० व्होल्टचे. लहरीच्या माथ्याचं व्होल्टेज काढायला २८० ला १.४१४ ने गुणलं की ३९६ येतात, म्हणजे दोन्ही कपॅसिटर काठावर. दिवसातून वीस-तीस वेळा असा झटका बसला की एखाद्या दिवशी त्यातला एक फुगतो. जळालेला एसएमपीएस अजून टाकला नसेल तर उघडून बघा. कपॅसिटरचं डोकं फुगलेलं असेल किंवा इनपुटच्या टर्मिनलजवळची निळी गोल चकती, म्हणजे एमओव्ही, काळी पडून तडकली असेल तर कारण चढलेलं व्होल्टेजच. दोन्ही ठीक असतील आणि फक्त फ्यूज गेला असेल तर दुसरं काही शोधावं लागेल.

व्हीएफडीवरच्या दोन्ही चुका यातूनच येतात. २३० व्होल्टच्या व्हीएफडीचा डीसी बस, म्हणजे आतला डीसी पुरवठा, साधारण ३२५ व्होल्टवर चालतो. तो ४०० च्या आसपास गेला की ओव्हरव्होल्टेज, २०० च्या खाली आला की अंडरव्होल्टेज. कॉम्प्रेसर बंद झाला आणि त्याच वेळी स्पिंडल थांबत असेल, तर थांबणारा स्पिंडलही ऊर्जा परत बसमध्ये ढकलतो आणि दोन्ही मिळून ४०० ओलांडतात. म्हणून तुमची चूक कधी येते आणि कधी येत नाही. थांबण्याचा वेळ दोन सेकंदांवर ठेवला असेल तर आठ-दहा सेकंद करा. सुरू होण्याचाही तेवढाच ठेवा.

आता मीटर २३० का दाखवतो. साधा मल्टिमीटर लहरीची सरासरी मोजतो आणि तिला १.११ ने गुणून आकडा दाखवतो. लहर स्वच्छ साइन असेल तरच तो आकडा खरा. व्हीएफडी, एसएमपीएस, एलईडी लाइट या सगळ्यांच्या तोंडाशी डायोड ब्रिज आणि कपॅसिटर असतो. तो दर अर्ध्या लहरीतल्या १० मिलिसेकंदांपैकी फक्त माथ्याजवळच्या दोन-तीन मिलिसेकंदांत करंट ओढतो, पण तेव्हा खूप ओढतो. महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरला त्याचं काही वाटत नाही. तुमच्या छोट्या अल्टरनेटरचा अंतर्गत अडथळा मात्र त्याच्या कित्येक पट असतो, म्हणून लहरीचा माथा तिथेच चपटा होतो. एव्हीआर ज्या आकड्यावर लक्ष ठेवतो तो २३० च राहतो, मीटरही २३० दाखवतो, पण माथा ३२५ ऐवजी २८० वर येतो. कपॅसिटर भरतो तो माथ्याने. म्हणून व्हीएफडीला खरोखरच कमी व्होल्टेज मिळत असतं आणि मीटर ते सांगत नाही.

हे पडताळायला ऑसिलोस्कोप लागत नाही. व्हीएफडीच्या मॉनिटर मेनूमध्ये डीसी बस व्होल्टेज दाखवणारा एक पॅरामीटर असतो. मुख्य लाईटवर स्पिंडल फिरत असताना तो ३१५ ते ३३० च्या दरम्यान दिसेल. तोच जनरेटरवर, खोल कट चालू असताना बघा. मीटर २३० आणि बस २७५ असेल तर माथा चपटा होतोय याची खात्री झाली. कॉम्प्रेसर बंद होताना तोच आकडा किती उडी मारतो तेही बघा.

यावर सगळ्यात स्वस्त आणि नेमका उपाय म्हणजे व्हीएफडीच्या इनपुटला लाइन चोक, म्हणजे करंटचे झटके अडवणारी तारेची गुंडाळी. ३ टक्क्यांचा धरला तर हिशेब सोपा आहे: २.२ किलोवॉटच्या सिंगल फेज व्हीएफडीचा इनपुट २४ अँपिअर धरा. २३० भागिले २४ म्हणजे ९.६ ओहम, त्याचे ३ टक्के ०.२९ ओहम, आणि ५० हर्ट्झला तेवढ्या अडथळ्यासाठी सुमारे ०.९ मिलिहेन्री. बाजारात १ मिलिहेन्री, २५ अँपिअरचा सिंगल फेज चोक मागा. तो करंटचं टोक बोथट करून जास्त वेळात पसरवतो, पॉवर फॅक्टर थोडा सुधारतो, आणि चढत्या व्होल्टेजचा झटकाही व्हीएफडीपर्यंत थोडा मऊ होऊन पोचतो. तो इनपुटलाच लावायचा, व्हीएफडी आणि स्पिंडलच्या मध्ये नाही. चोक चांगलाच गरम होतो, म्हणून भुशापासून दूर, पत्र्यावर उघडा बसवा, लाकडी फळीवर नको.

नक्षी सरकली ती स्टेपरने, म्हणजे मशीनचे अक्ष टप्प्याटप्प्याने हलवणाऱ्या मोटरने, स्टेप सोडल्यामुळे. इथे तुमच्या मशीनमध्ये काय आहे यावर उत्तर अवलंबून आहे. स्टेपर ड्राइव्हना एसएमपीएसमधून ४८ व्होल्ट मिळत असतील तर छोटा डिप तो गिळतो. पूर्ण लोडवर साधारण १५-२० मिलिसेकंद, म्हणजे जेमतेम एक सायकल, तो धरून ठेवतो. गोल टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज असेल तर काहीच गाळलं जात नाही: जनरेटर दहा टक्के खाली गेला की ड्राइव्हचं व्होल्टेजही दहा टक्के खाली, आणि स्टेपरची वेगातली ताकद नेमकी व्होल्टेजवरच असते. कापताना सहसा काही होत नाही, रिकाम्या वेगवान हालचालीत स्टेप सुटतात. जनरेटरवर काम करताना रॅपिड (रिकाम्या हालचालीचा वेग) तीस टक्क्यांनी आणि अ‍ॅक्सिलरेशन निम्म्याने कमी करा. एका प्लेटला दहा मिनिटं जास्त लागतील, पण सागाचा तुकडा वाया जाणार नाही.

कंट्रोलर, कॉम्प्युटर, स्टेपरचा पुरवठा आणि लेझरचा कंट्रोलर एवढ्यांसाठी १ केव्हीएचा ऑनलाइन, म्हणजे डबल कन्व्हर्जनचा यूपीएस घ्या. तुमचा आत्ताचा यूपीएस लाइन इंटरॅक्टिव्ह असणार. त्याला फ्रिक्वेन्सी किंवा लहर पसंत पडली नाही की तो बॅटरीवर जातो, पुन्हा येतो, पुन्हा जातो. ओरडतो तो त्यामुळेच, आणि बॅटरी संपते तीही त्यामुळेच. ऑनलाइन यूपीएस येणाऱ्या पुरवठ्याचं डीसी करून पुन्हा ताजी ५० हर्ट्झची लहर बनवतो, त्यामुळे जनरेटरचा चढउतार आत पोचत नाही. घेताना दोन गोष्टी विचारा: इनपुट फ्रिक्वेन्सीची मर्यादा रुंद आहे का, ४५ ते ५५ तरी हवी, आणि इनपुटला पॉवर फॅक्टर करेक्शन आहे का. सेटिंगमध्ये ऑटो बायपास बंद ठेवा, नाहीतर यूपीएस जरा अडला की जनरेटर थेट कंट्रोलरवर जोडला जाईल. बायपास उपलब्ध नाही असा इशारा जनरेटरवर दिसला तर घाबरू नका. फ्रिक्वेन्सी जुळत नाहीये एवढाच त्याचा अर्थ. चार्जिंग करंट कमी करता येत असेल तर करा. व्हीएफडी, चिलर आणि लेझरचा हाय व्होल्टेज पुरवठा या यूपीएसवर घालू नका.

हे करताना एक धोका तयार होतो आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जनरेटर पेट्रोल संपून बंद पडला तर स्पिंडल थांबेल, पण यूपीएसवरचे स्टेपर गँट्री (स्पिंडल धरणारा आडवा सांगाडा) पुढे ओढतच राहतील. न फिरणारा बिट लाकडात घुसून तुटतो, कधी स्पिंडलचं बेअरिंगही जातं. म्हणून व्हीएफडीच्या आउटपुट रिलेचा संपर्क कंट्रोलरच्या फीड होल्डच्या (हालचाल जागीच थांबवणाऱ्या) इनपुटला जोडा. हा रिले कारखान्यातून बहुधा ‘फॉल्ट’वर सेट असतो, म्हणजे चूक आली की ओढतो. व्हीएफडीचा पुरवठाच गेला तर तो ओढणारच नाही आणि कंट्रोलरला काही कळणार नाही. पॅरामीटर बदलून तो ‘रनिंग’वर ठेवा आणि नॉर्मली ओपन (एरवी उघडा राहणारा) संपर्क वापरा. मग चूक असो की पुरवठा जाणं असो, संपर्क उघडतो आणि मशीन थांबते. प्रोग्राममध्ये स्पिंडल सुरू केल्यावर अ‍ॅक्सिलरेशनच्या वेळेपेक्षा दोन सेकंद जास्त थांबा घाला, नाहीतर हा संपर्क सुरुवातीलाच अडवेल.

कॉम्प्रेसरचं काय? तुमच्या स्पिंडलला हाताने कॉलेट (बिट धरणारी पकड) बदलत असाल तर राउटरला हवा लागते ती फक्त साफसफाईला. लाईट असताना टाकी भरून ठेवा आणि जनरेटरवर कॉम्प्रेसरची वायर काढूनच टाका. लेझरच्या एअर असिस्टसाठी (कापताना मारायच्या हवेसाठी) शंभर-दीडशे वॉटचा छोटा डायफ्राम पंप पुरतो, दोन एचपीची गरज नाही. हवा सतत लागतच असेल तर मोटर बदला: २ एचपीची थ्री फेज मोटर आणि सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी. मोटर घेताना २३० व्होल्ट डेल्टामध्ये जोडता येते का हे आवर्जून विचारा. या आकाराच्या बऱ्याच मोटारी फक्त ४१५ स्टारच्या येतात आणि त्या २३० वर नीट ताकद देत नाहीत. सहा टोकं बाहेर काढलेली आणि पाटीवर २३०/४१५ लिहिलेली हवी. प्रेशर स्विच व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये लावू नका. त्याचे संपर्क व्हीएफडीच्या स्टार्ट टर्मिनलला द्या. सुरुवात पाच-सहा सेकंदांची, थांबणंही तेवढंच हळू, किमान फ्रिक्वेन्सी ३० ते ३५ हर्ट्झ, कारण त्याखाली पिस्टनवाल्या कॉम्प्रेसरमध्ये तेल नीट उडत नाही. उठतानाचा पन्नास अँपिअरचा धक्का जातो आणि बंद होतानाची उडीही जाते. या व्हीएफडीलाही चोक हवाच.

कॉम्प्रेसर जुनाच ठेवणार असाल तर निदान अनलोडर व्हॉल्व्ह तपासा. बंद झाल्यावर हेडमधली हवा ‘फुस्स’ करून निघाली पाहिजे. ती निघाली नाही तर मोटर पुढच्या वेळी दाबाखाली उठते आणि जनरेटरच काय, मुख्य लाईटही मंद होते.

स्टॅबिलायझरला मी नाही का म्हटलं ते आता सांगता येईल. सर्व्हो स्टॅबिलायझर ब्रश फिरवून व्होल्टेज सुधारतो, सेकंदाला तीसेक व्होल्टच्या गतीने. तुमचा झटका अर्ध्या सेकंदात येऊन जातो. सर्व्हो पोचेपर्यंत व्होल्टेज पूर्ववत झालेलं असतं आणि त्याची सुधारणाच नवी चूक बनते. तिकडे एव्हीआरही स्वतःची सुधारणा करत असतो, दोघे एकमेकांच्या मागे लागतात आणि दिवे लुकलुकायला लागतात. रिलेवाला स्टॅबिलायझर टप्प्यांनी उड्या मारतो, तो अजून वाईट. जुन्या पद्धतीचा सीव्हीटी (कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर) झटके छान गाळतो, पण त्याचं आउटपुट फ्रिक्वेन्सीवर अवलंबून असतं, एक टक्का फ्रिक्वेन्सी बदलली की व्होल्टेज दीड-दोन टक्के हलतं. पोर्टेबल सेटवर तो नको. सर्व्हो आणि रिलेवाला लहरीचा आकार सुधारत नाहीत, आणि फ्रिक्वेन्सी तर तिघांपैकी कोणीच सुधारत नाही. लावायचाच असेल तर डीआयएन रेलवरचा ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले लावा, १९० आणि २६० वर सेट करून, परत जोडण्याचा वेळ एक मिनिट ठेवून. तो काही सुधारत नाही, पण सेट कायमचा बिघडला तर मशीन वाचवतो. अर्ध्या सेकंदाच्या उडीसाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका. पॅनेलवर पॉवर फॅक्टरसाठी कपॅसिटर लावले असतील तर जनरेटरवर ते सुटे झाले पाहिजेत. कपॅसिटिव्ह लोडने अल्टरनेटरचं व्होल्टेज एव्हीआरच्या हाताबाहेर चढतं.

जनरेटरकडे वळू. मागचं झाकण काढून बघा. ब्रश आणि त्याशेजारी काळ्या रेझिनमध्ये ओतलेला एव्हीआर दिसला तर चांगलं. नुसता एक कपॅसिटर दिसला, ब्रश नाहीत, तर तो कपॅसिटर एक्सायटेड सेट आहे. त्यात व्होल्टेज वेगाला बांधलेलं असतं, आणि म्हणूनच अनेक जण व्होल्टेज वाढवायला गव्हर्नरचा स्क्रू पिळतात. तसं केलं की फ्रिक्वेन्सी ५४-५५ वर जाते आणि मग यूपीएस त्याला स्वीकारत नाही. या इंजिनला ५० हर्ट्झसाठी ३००० आरपीएम लागतात. गव्हर्नर लोडवर थोडा बसणारच, तेव्हा रिकामा असताना ५२ हर्ट्झ, म्हणजे ३१२० आरपीएम, आणि पूर्ण लोडवर ४९.५ ते ५० अशी जुळणी ठेवा. आधी फ्रिक्वेन्सी, मग व्होल्टेज.

तपासायला पाणी तापवायचे दोन रॉड घ्या, १००० आणि १५०० वॉटचे, बादलीत बुडवून. जनरेटर पाच मिनिटं गरम होऊ द्या. फ्रिक्वेन्सीसह ट्रू आरएमएस (लहर बिघडली तरी खरा आकडा) मोजणारा आणि कमाल-किमान धरून ठेवणारा मीटर लावा. आधी रिकामा, मग १०००, मग दोन्ही, असे आकडे लिहा. मग दोन्ही रॉडचा पुरवठा एकदम तोडा आणि कमाल बघा. बादलीत हात रॉडचा पुरवठा बंद केल्याशिवाय घालू नका. रॉडवर आकडे पाच टक्क्यांत राहिले आणि राउटरवर बिघडले तर दोष लोडचा, चोक काम करेल. रॉडवरच इंजिन सतत वर-खाली होत असेल तर दोष सेटचा: बहुतेक वेळा कार्ब्युरेटरचा जेट अर्धा बुजलेला, नाहीतर एअर फिल्टर भुशाने भरलेला. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ओलावा लवकर धरतो. आठवडाभर सेट लागणार नसेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालवा, अर्थात मशीन सुट्या करून. लोडवर असताना टाकी संपू देणं हे या सेटवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दृष्टीने सगळ्यात वाईट: शेवटचा मिनिटभर इंजिन हेलकावे खातं आणि व्होल्टेज त्याच्यासोबत. तुमच्या लोडला तासाला दोन लिटरच्या आसपास धरा आणि पाव टाकी उरली की काम थांबवा.

झिणझिण्यांकडे दुर्लक्ष करू नका. पोर्टेबल सेटचा न्यूट्रल बहुधा तरंगता असतो, बॉडीला किंवा जमिनीला जोडलेला नसतो. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर मग बॉडीला दोन तारांच्या मधोमध, ११५ व्होल्टच्या आसपास, नेऊन ठेवतात. करंट अगदी कमी असतो, म्हणून नुसत्या मुंग्या. पण याचा दुसरा अर्थ असा की एखादी तार बॉडीला लागली तर ना एमसीबी पडणार, ना आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की तोडणारा स्विच). आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून खात्री करू नका. ते फेज आणि न्यूट्रलच्या मध्येच करंट वळवतं, त्यामुळे न्यूट्रल तरंगता असला तरी बटण दाबल्यावर ते पडतं आणि खोटा दिलासा मिळतो. करायचं असं: जनरेटरसाठी स्वतंत्र अर्थ पिट, जनरेटरपाशीच न्यूट्रल आणि बॉडी एका ठिकाणी जोडलेले, आणि आत दोन पोलचा चेंजओव्हर स्विच, फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा. म्हणजे मुख्य लाईटचा न्यूट्रल आणि जनरेटरचा न्यूट्रल कधी एकत्र येत नाहीत, आणि खांबावर चढलेल्या वायरमनकडे तुमचा करंट जात नाही. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर सॉकेटमध्ये घालून घरात लाईट आणण्याचा प्रकार गावोगाव चालतो, तो कृपा करून करू नका. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि शेवटी न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजायला सांगा. ते लोडवर दोन व्होल्टच्या आत यायला हवं. इन्व्हर्टर जनरेटर असेल तर न्यूट्रल बॉडीला जोडता येतो का ते आधी त्याच्या पुस्तिकेत बघा.

पावसात सेट पडवीत किंवा शेडच्या दाराशी ओढला जातो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि डस्ट कलेक्टर व लेझरचा एक्झॉस्ट चालू असताना तुमची शेड बाहेरची हवा आत ओढत असते. सेट दारा-खिडक्यांपासून सहा-सात मीटर लांब, वर स्वतंत्र छप्पर, चारही बाजूंनी उघडा. तेवढ्या अंतरासाठी केबल ४ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या. वीस मीटरला २० अँपिअरवर सुमारे चार व्होल्ट पडतात, अडीचच्या केबलमध्ये सहा-साडेसहा. गुंडाळी पूर्ण उलगडून ठेवा.

लेझरबद्दल थोडंच. राउटर आणि लेझर जनरेटरवर एका वेळी चालवू नका. रेफ्रिजरेशनवाला चिलर असेल तर त्यातही कॉम्प्रेसर आहे, तो आधी सुरू करून पाणी स्थिर तापमानाला येऊ द्या, मग ट्यूब. पाण्याचा फ्लो स्विच लेझर पुरवठ्याच्या वॉटर प्रोटेक्ट टर्मिनलला खरंच जोडलेला आहे का ते बघा. बऱ्याच मशीनवर तिथे नुसती शॉर्ट तार असते आणि पुरवठा परत आला की पाणी नसताना ट्यूब पेटते.

सुरू करण्याचा क्रम: इंजिन गरम, चेंजओव्हर, डस्ट कलेक्टर, यूपीएस, कंट्रोलर, शेवटी स्पिंडल. म्हणजे मोठी मोटर आधी, नाजूक गोष्टी नंतर. बंद करताना उलटा, आणि इंजिन दोन-तीन मिनिटं रिकामं चालवून मग थांबवा.

मोठा जनरेटर कधी? वरचं सगळं करूनही राउटर आणि लेझर एकत्र चालवायचे असतील तर. तेव्हाही त्याच घडणीचा साडेसातचा पेट्रोल सेट नको. १५०० आरपीएमचा डिझेल सेट, ब्रशलेस अल्टरनेटर आणि एव्हीआर असलेला घ्या. नाहीतर मला अधिक पसंत असलेला मार्ग: आत्ताचा सेट मोटारींना ठेवा आणि राउटर-कंट्रोलसाठी ३ केव्हीएचा शुद्ध साइन इन्व्हर्टर जनरेटर वेगळा. त्याची लहर व्यवस्थित असते आणि फ्रिक्वेन्सी हलत नाही. फक्त त्याची करंटची मर्यादा कडक असते, डस्ट कलेक्टरची मोटर त्यावर उठेलच असं नाही, आणि इको मोड बंद ठेवावा लागतो, कारण इंजिन संथ असताना स्पिंडलने अचानक ओढलं तर तो पुरवठा तोडतो. दोन्ही सेटच्या तारा कुठेही एकमेकांना भेटता कामा नयेत.

आत्ता खर्च कशावर करायचा तर आधी अर्थिंग आणि चेंजओव्हर, मग चोक, मग ऑनलाइन यूपीएस. कॉम्प्रेसरची वायर काढायला पैसे लागत नाहीत, ते आजच करा. आणि हे आकडे कळवा: जनरेटर रिकामा असताना आणि दोन्ही रॉडवर फ्रिक्वेन्सी व व्होल्टेज, रॉडचा पुरवठा तोडतानाचं कमाल व्होल्टेज, व्हीएफडीचा डीसी बस मुख्य लाईटवर आणि जनरेटरवर, स्टेपरना पुरवठा एसएमपीएसचा की ट्रान्सफॉर्मरचा, आणि सेटच्या मागच्या झाकणाच्या आतला फोटो. ते हाती आले की चोक किती अँपिअरचा आणि यूपीएस १ केव्हीएचा पुरेल की २ चा लागेल, हे नेमकं सांगता येईल.